बारा तास यंत्राचे, बाकीचे घराचे

आजारपण म्हटलं की आपल्याला दवाखाना आठवतो, ऑपरेशन आठवतं, आठ-दहा दिवसांची धावपळ आठवते. मग माणूस घरी येतो, महिनाभर अशक्तपणा राहतो आणि घर पुन्हा आपल्या वाटेला लागतं. काही उपचार मात्र असे संपत नाहीत. ते घरात मुक्कामालाच येतात. डायलिसिस हा त्यांतला एक. माझ्या अब्बांना तो सुरू होऊन आता तीन वर्षं होत आली.

त्याचा हिशोब सोपा आहे. आठवड्यातून तीन वेळा, दर वेळी चार तास, म्हणजे 12 तास अब्बा यंत्राला जोडलेले असतात. आठवड्याचे एकूण तास 168. उरलेले 156 तास ते घरात, दुकानात, मशिदीत, आपल्या माणसांत असतात. यंत्र आणि डॉक्टर आपले 12 तास चोख सांभाळतात. पण त्या 156 तासांत घरातली माणसं काय करतात, काय बोलतात, काय शिजवतात, कोणावर किती भार टाकतात, यावर पेशंटची तब्येत अवलंबून असते आणि घरही. आज लिहायचं आहे ते या 156 तासांबद्दल.

अब्बा शिंपी. तालुक्याच्या बाजारपेठेत त्यांचं छोटंसं दुकान. साखरेचा त्रास वीस वर्षांचा, रक्तदाब त्याच्या मागोमाग आलेला. किडनी खराब होण्याची ही दोन सगळ्यांत मोठी कारणं आणि दोन्ही आपल्या समाजात घरोघरी आहेत. किडनीचा आजार फार उशिरापर्यंत बोलत नाही. पायांना सूज आली, तोंडाची चव गेली, दोन पायऱ्या चढून दम लागू लागला, तेव्हा रक्त तपासलं आणि क्रिएटिनिनचा आकडा बघून डॉक्टरांनी भैयाला बाजूला बोलावलं. भैया तेव्हा सौदीतून सुट्टीवर आला होता. तो म्हणाला, "डॉक्टरसाहेब, जे असेल ते अब्बांसमोरच सांगा. शरीर त्यांचं आहे."

आपल्याकडे थोरल्यांपासून आजार लपवण्याची रीत आहे. त्यामागे माया असते, पण डायलिसिसमध्ये ती चालत नाही. ज्या माणसाला रोज पाणी मोजून प्यायचं आहे, त्याला ते का मोजायचं हे ठाऊक नसेल तर तो चोरून पिणारच. अब्बांनी सगळं ऐकून घेतलं. यंत्राचं डायलिसिस आणि पोटाच्या पडद्यातून घरीच करायचं डायलिसिस, दोन्ही त्यांना समजावलं गेलं. दोन खोल्यांच्या घरात औषधाच्या पिशव्यांचे खोके कुठे ठेवणार, म्हणून त्यांनी यंत्र निवडलं. पहिला निर्णय त्यांचा होता, ही गोष्ट पुढे फार कामी आली.

मिरजेला नाव नोंदवताना दोन वार-गट होते. सोमवार-बुधवार-शुक्रवार किंवा मंगळवार-गुरुवार-शनिवार. अम्मीने लगेच विचारलं, "जुम्याचं काय?" म्हणून मंगळवारचा गट मागून घेतला आणि सकाळची सातची शिफ्ट, म्हणजे अकराला सुटून जुहर घरी मिळते. हनफी मसलकात रक्त वाहिलं की वजू जातो, त्यामुळे घरी आल्यावर ते नव्याने वजू करतात. पट्टी बांधलेल्या जागेवर फक्त ओला हात फिरवायचा, हे इमामसाहेबांनी समजावून दिलं. कोकणातल्या शाफई नातेवाइकांच्या मते सुईतून रक्त निघाल्याने वजू जात नाही. ज्याने त्याने आपल्या आलिमांना विचारावं. सांगायचं एवढंच की अशा गोष्टी दवाखान्याला क्षुल्लक वाटल्या तरी पेशंटला त्या मोठा आधार देतात. वार आणि वेळ मागताना संकोच करू नका. दर वेळी मिळेलच असं नाही, पण मागितल्याशिवाय मुळीच मिळत नाही.

डायलिसिससाठी डाव्या हाताची एक रोहिणी आणि एक नीला छोट्या ऑपरेशनने जोडतात. त्याला फिस्टुला म्हणतात. तो तयार व्हायला काही आठवडे लागतात आणि मग तोच पेशंटचा प्राण. त्या हाताचा रक्तदाब मोजू द्यायचा नाही, त्यातून तपासणीचं रक्त काढू द्यायचं नाही, त्यावर डोकं ठेवून झोपायचं नाही, घट्ट घड्याळ घालायचं नाही. रोज सकाळी त्यावर बोटं ठेवून पाहायचं. आत एक बारीक थरथर जाणवते. ती थांबली तर लगेच दवाखाना गाठायचा. माझ्या धाकट्या भावाचा मुलगा आठ वर्षांचा आहे. "दादांचं रक्त मशीन पिऊन टाकतं का?" असं त्याने मदरशातल्या मुलांना विचारल्याचं कळलं, तेव्हा अब्बांनी त्याला जवळ बसवलं, त्याची बोटं आपल्या मनगटावर ठेवली आणि सांगितलं की मशीन रक्त पीत नाही, धुऊन परत देतं. तो हात न काढता म्हणाला, "दादा, तुमच्या हातात शिलाई मशीन चालू आहे." तेव्हापासून फजरनंतर "मशीन चालू आहे का" हे बघायचं काम त्याच्याकडे आहे. लहान मुलांना खोलीबाहेर काढलं की ती घाबरतात, आणि हातात काम दिलं की धीट होतात.

आता स्वयंपाकघर. डायलिसिसच्या पेशंटचा खरा दवाखाना तिथेच. अब्बांना दिवसाला एक लिटर पातळ पदार्थांची मर्यादा आहे. त्यात चहा, सालन, दूध, औषधासोबतचं पाणी, सगळं आलं. एक लिटर जास्त प्यायलं की वजन एक किलोने वाढतं आणि ते पाणी फुप्फुसात चढू शकतं. अम्मीने सकाळी लिटरची बाटली भरून ठेवायची पद्धत काढली. कपभर चहा प्यायला की बाटलीतून तेवढं पाणी काढून टाकायचं. बाटलीत जे उरतं तेवढंच त्या दिवसाचं. मीठ कमी केलं तर तहानही कमी लागते, हे मात्र लक्षात ठेवा. नाहीतर पाणी बंद आणि लोणचं चालू, असा अत्याचार होतो.

दुसरी गोष्ट पोटॅशियम. केळी, नारळपाणी, संत्री, टोमॅटो, बटाटा, सुका मेवा आणि आपला खजूर, या सगळ्यांत ते भरपूर असतं. निरोगी माणसाची किडनी ते बाहेर टाकते. इथे ते रक्तात साठतं आणि फार वाढलं तर हृदय बंद पाडतं. म्हणून भाज्या बारीक चिरून, कोमट पाण्यात भिजवून, भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकून द्यायचं. बाजारात "कमी सोडियमचं" म्हणून जे मीठ मिळतं, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं. किडनीच्या पेशंटला ते चालत नाही. कमरख हे फळही त्याच्यासाठी विषासारखंच. उलट, डायलिसिस सुरू झाल्यावर प्रथिनं वाढवावी लागतात. अंड्याचा पांढरा भाग, मासळी, कोंबडी डॉक्टर मोजून खायला सांगतात. किडनीचा आजार म्हणून गोश्त-अंडं पूर्ण बंद करणारी घरं मी पाहिली आहेत. त्यांचा पेशंट हळूहळू वाळत जातो. आहारतज्ज्ञाला एकदा भेटा आणि यादी भिंतीवर लावा.

अब्बांचं सालन वेगळं करायचं नाही, हे माझ्या धाकट्या भावजयीने ठरवलं. घराचंच मीठ कमी केलं. ज्याला हवं त्याने ताटात वरून घ्यावं. "एकाच दस्तरखानावर बसून एकाला फिकं द्यायचं, हे माझ्याने होणार नाही," असं ती म्हणाली. पहिला महिना सगळ्यांनी तोंड वाकडं केलं, नंतर जिभेला सवय झाली. आमच्या वाराच्या गटात शनिवार ते मंगळवार ही सर्वांत लांब खंड असते आणि तोच काळ जोखमीचा. नेमका त्यातच रविवार येतो, पाहुणे येतात, बिर्याणी होते. म्हणून पाहुणचाराचा बेत आता शुक्रवारी रात्री. शनिवारी सकाळी यंत्र आहेच.

पहिला रमजान आला तेव्हा खरी कसोटी लागली. अब्बांनी वयाच्या बाराव्या वर्षापासून रोजा सोडला नव्हता. डॉक्टरांनी स्पष्ट नाही म्हटलं. अब्बा गप्प बसले. चाळीस-पन्नास वर्षांचा नेम मोडतो, याचं दुःख बाहेरच्याला कळणार नाही. इमामसाहेब घरी आले. सूरह बकरामध्ये आजारी माणसाला रोज्याची सवलत आहे आणि ज्याला पुढेही रोजा ठेवता येण्याची आशा नाही, त्याने प्रत्येक रोज्यामागे एका गरजूच्या जेवणाचा फिदिया द्यावा, हे त्यांनी सांगितलं. ही सवलत अल्लाहने दिलेली आहे आणि तिला नाकारण्यात पुण्य नाही, असंही सांगितलं. अब्बांना सर्वांत जास्त धीर आला तो एका हदीसने. माणूस आजारी पडला तर निरोगी असताना तो जी नेकी करत होता, तिचं सवाब त्याच्या नावे लिहिलं जातच राहतं, असा तिचा आशय आहे. अब्बांनी इमामसाहेबांना ती दोनदा सांगायला लावली.

पण नुसती समजूत घालून रिकाम्या दिवसाचं काय करायचं हा प्रश्न सुटत नाही. म्हणून रमजानात घराचं एक काम त्यांच्याकडे गेलं. सहरीला सगळ्यांना तेच उठवतात. असर ते मगरिब नातवंडांचं कुरआन-पठण तेच ऐकतात. फिदियाची रक्कम भैया पाठवायला तयार होता. अब्बा म्हणाले, "माझे रोजे, माझीच कमाई." ती रक्कम त्यांनी शिलाईतून बाजूला काढली. इफ्तारला अर्धा खजूर त्यांच्याही हातात असतो, डॉक्टरांना विचारूनच. ईदला शीरखुर्म्याची एक छोटी वाटी, दूध आणि मेवा मोजून.

पैशांबद्दल आपण उघड बोलत नाही, पण बोलायला हवं. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिसचा समावेश आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्याला भेटायचं. 2016 पासून प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमही आहे आणि जिल्हा रुग्णालयांत गरीब पेशंटांना मोफत सोय मिळते. आम्हाला योजनेचा फायदा झाला. तरीही रिक्षा, काही इंजेक्शनं, तपासण्या यांचा खर्च राहतोच. त्यासाठी भावंडांनी वही घातली. कोण किती देतो ते लिहायचं आणि महिन्याच्या पहिल्या तारखेला फोनवर वाचायचं. जकातीतून बापाचा खर्च करता येत नाही. आईबापाचा खर्च मुलांवर हक्क म्हणून आहे, उपकार म्हणून नाही. हे एकदा सगळ्यांना कळलं की "मी इतके दिले" ही भाषा कमी होते.

पैशांपेक्षा अवघड वाटणी वेळेची आणि श्रमांची. पैसे पाठवणारा मुलगा दिसतो. पहाटे पाचला उठून डबा करणारी सून दिसत नाही. अम्मीचं वय 58, तिलाही रक्तदाब. वर्षभर ती स्वतःच्या गोळ्या विसरायची आणि अब्बांच्या लक्षात ठेवायची. मी शाळेत शिक्षिका, सासर याच तालुक्यात. म्हणून ठरलं की मंगळवारी धाकटा नेईल, गुरुवारी समोरचे दूधवाले काका, जे स्वतःहून पुढे आले आणि ज्यांनी एकदाही पेट्रोलचे पैसे घेतले नाहीत, आणि शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा उरकून आणायला मी. महिन्यातून एक रविवार भावजय माहेरी जाईल आणि त्या दिवशी घर माझ्याकडे. अम्मीची तपासणी अब्बांच्याच दवाखान्यात, त्याच दिवशी. सेवा करणारी बाईच आडवी झाली तर एका घरात दोन पेशंट होतात. तिला विश्रांती देणं हीसुद्धा पेशंटची सेवा आहे.

मग किडनी देण्याचा प्रश्न आला. तो प्रत्येक घरात येतो आणि अनेक घरं तिथेच मोडतात. अवयव प्रत्यारोपणाचा कायदा 1994 चा. त्यानुसार पती-पत्नी, आईवडील, मुलं, भावंडं, आजी-आजोबा, नातवंडं हे जवळचे नातेवाईक म्हणून देऊ शकतात. विक्री गुन्हा आहे. शरीयतच्या बाजूने उलेमांत मतभेद आहेत. 1988 मध्ये जेद्दाच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने काही अटींवर परवानगी दिली, तर भारतातल्या अनेक उलेमांचा याला विरोध राहिला आहे. आम्ही आमच्या आलिमांना विचारलं आणि मग घरात बसलो. बसण्याआधी भैयाने फोनवरून एक अट घातली: कोणी कोणाला विचारायचं नाही, ज्याला द्यायची त्याने स्वतः सांगावं आणि जो गप्प राहील त्याला आयुष्यात कोणी टोमणा मारायचा नाही. धाकट्याने हात वर केला. अब्बा म्हणाले, "आधी तिला विचार." ती म्हणजे भावजय. तिने दोन दिवस मागितले आणि मग हो म्हणाली. तपासणीत त्याचीच साखर सीमेवर निघाली. डॉक्टरांनी त्याला नाकारलं. माझा रक्तगट बी, अब्बांचा ओ. भैयाला रक्तदाब. अब्बांचं नाव प्रतीक्षायादीत घातलं आहे. धाकटा आता रोज चालतो, साखर ताब्यात ठेवतो. अब्बांच्या आजाराने त्याचा आजार वेळीच उघड केला, असं आम्ही मानतो.

दुसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यात एका शनिवारी अब्बांनी जायला नकार दिला. कपडे केले होते, रिक्षा दारात होती. ते खाटेवर बसून म्हणाले, "बस्स झालं." गुरुवारी डायलिसिस झालेलं, शनिवार चुकला तर थेट मंगळवार. पाच दिवस. त्यातून काय होऊ शकतं हे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. धाकट्याने रडून पाहिलं, रागावून पाहिलं. अम्मीने सगळ्यांना खोलीबाहेर काढलं, रिक्षावाल्याला परत पाठवलं आणि त्यांच्याजवळ बसून विचारलं, "सुयांना कंटाळलात का?" ते नाही म्हणाले. "मग?" बऱ्याच वेळाने ते बोलले, "चार माणसांचे दिवस माझ्यापायी जातात. मी कोणाच्या कामाचा उरलो?"

हे उत्तर महत्त्वाचं आहे. आम्ही सगळे त्यांच्या जिवाची काळजी करत होतो आणि त्यांना काळजी होती ती आपल्या उपयोगाची. डॉक्टरांनी फोनवर त्यांच्याशी दहा मिनिटं बोलून घेतलं. उपचार थांबवण्याचा हक्क पेशंटला असतो, पण तो निर्णय उदास मनाने घ्यायचा नसतो, आधी उदासीवर उपचार करू, असं ते म्हणाले. डायलिसिसच्या पेशंटांत अशी उदासी नेहमीची, आणि तिच्यावरही औषध आहे. त्या दिवशी रात्रीच्या शिफ्टला एक खाट रिकामी होती. अब्बा गेले, पण एका अटीवर. सोमवारपासून दुकान उघडायचं.

डॉक्टरांनी परवानगी दिली. कापडाचे तागे उचलायचे नाहीत, डाव्या हाताला धक्का लागू द्यायचा नाही, डायलिसिसच्या दिवशी विश्रांती. बाकीच्या दिवशी दोन तास. जूनमध्ये शाळेचे गणवेश, ईदच्या आधी कुर्ते. काम आधीच्या चौथाईइतकंही नाही. पण रिक्षाचं भाडं आता ते स्वतःच्या खिशातून देतात आणि आम्ही कोणी ते देऊ केलं तर रागावतात. युनिटमधल्या एका तरुण पेशंटच्या लग्नाची शेरवानी त्यांनी शिवली. माप डायलिसिस चालू असताना शेजारच्या खाटेवरून, नर्सताईंच्या हातात टेप देऊन घेतलं.

वाचक बंधू-भगिनींनो, पैगंबर (स.) यांनी आजाऱ्याची विचारपूस करणं हा मुसलमानाचा मुसलमानावरचा हक्क सांगितला आहे. तो बजावायला जाताना थोडं भान ठेवू या. डायलिसिसच्या घरी फळांची टोपली आणि खजुराचा डबा नेऊ नका. ते पेशंटसमोर ठेवलं की घरच्यांना हिसकावून घ्यावं लागतं. अमक्याची किडनी काढ्याने बरी झाली, तमक्याने पुडी घेऊन डायलिसिस बंद केलं, अशा गोष्टी सांगू नका. काही जडीबुटीच किडनीला मारक असतात. दुआ जरूर करा, पण ती यंत्राच्या जागी ठेवू नका. उंट आधी बांधायचा आणि मग तवक्कुल करायचं, हीच आपली शिकवण. डायलिसिसहून नुकत्याच परतलेल्या माणसाला झोपू द्या, भेट दुसऱ्या दिवशी घ्या, पंधरा मिनिटांत उठा. आणि उठताना पेशंटला "काही लागलं तर सांगा" असं म्हणू नका. कोणी सांगत नाही. घरातल्या बाईला विचारा, "मी कोणत्या वारी गाडी घेऊन येऊ?" आणि कापड शिवायचं असेल, चप्पल दुरुस्त करायची असेल, मुलाला गणित शिकायचं असेल, जे त्या आजारी माणसाला येतं ते काम त्याच्याकडे घेऊन जा. मजुरी ठरवून, रोख.